पाणी कुठे मुरतंय

ऑपरेशनच्या अकराव्या दिवशी मी पाण्याला शिव्या घातल्या. मोठ्याने, ट्रकवाल्यांना घालते तशा. औषधाबरोबर मिळतं ते तीस मिलिलिटरचं प्लॅस्टिकचं माप, त्यात साधं पाणी, आणि ते पाणी माझ्या छातीच्या मधोमध अडकून बसलं होतं. खाली जाईना, वर येईना. दहा मिनिटं मी टेबलाची कड धरून उभी राहिले. मग ते वर आलं, बरोबर सकाळचं अर्धी वाटी गाळलेलं सूपही घेऊन आलं.

तोंड धुऊन परत आले तर धाकटा समोरच्या खुर्चीत तसाच बसलेला. तो माझ्याकडे बघत नव्हता. मापाच्या तळाशी दोन थेंब राहिले होते, त्यांच्याकडे बघत होता.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. धंद्याने काचवाला, खिडक्यांच्या काचा बसवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास तो डायलिसिसच्या मशीनला जोडलेला असतो. प्यायलेलं पाणी त्याच्या अंगातून बाहेर पडतच नाही, मशीनने ओढून काढेपर्यंत आतच राहतं. म्हणून त्याला दिवसाला सातशे मिलिलिटरच्या वर थेंबही चालत नाही; चहा, औषधाचा घोट, सगळं त्यातच. आणि मला दिवसाला दीड लिटर गेलंच पाहिजे. एकाला तहान आणि बंदी, दुसरीला सक्ती आणि ओकारी. ही वाटणी ज्याने केली तो मला एकदा भेटला पाहिजे.

मी काही बारीक दिसायला पोट कापून घेतलं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कुणाला दाखवायचं होतं? तपासण्या झाल्या तेव्हा अख्ख्या घरात फक्त माझी किडनी त्याला जुळली. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "किडनी उत्तम आहे. तुम्ही उत्तम नाही." एकशे एकवीस किलोच्या बाईची किडनी काढायला कुणी धजेना. नव्वदच्या आत या, मग बघू म्हणाले. चार महिने मी पथ्य पाळलं. तीन किलो उतरले, चार चढले. तेवढ्यात धाकटा सुकून सुकून स्वतःच्याच शर्टात हरवला. शेवटी मीच म्हटलं, कापा. त्यांनी पोटाचा मोठा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढी नळी ठेवली.

घरी सोडताना डॉक्टरांनी एकच तंबी दिली. "हा महिना पाण्याचा. पाणी कमी पडलं की किडनीवर येतं. चौथ्या आठवड्यात रक्त तपासू. त्यात किडनी बिघडलेली दिसली तर दाता म्हणून तुमचं नाव कटलं. तुमची एक किडनी आता तुमची राहिलेली नाही, एवढं लक्षात ठेवा." म्हणजे सरळ होतं. मी पाणी प्यायले तर धाकटा जगेल.

महिनाभर धाकट्याकडेच राहायचं ठरलं. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात टेबल. भावजय लाँड्रीत इस्त्रीच्या काउंटरवर असते; साडेआठला निघते, सहाला येते. दिवसभर घरात आम्ही दोघं आजारी, एकमेकांवर लक्ष ठेवायला. तिने दोन बाटल्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, मला निळी, त्याला लाल. फ्रिजवर दोरीने वही टांगली होती. तिच्यात दोन रकाने, एकावर "ताई", दुसऱ्यावर "हे". बारा वर्षं संसार झाला तरी ती वहीतसुद्धा नवऱ्याचं नाव घेत नाही, यावरून आम्ही तिला पुष्कळ चिडवलं होतं.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. भूक मेली होती, त्याचं दुःख नव्हतं. पण पाण्याला गंजलेल्या खिळ्याची चव यायची. घोट घेतला की घाम फुटायचा. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. आरशात तेच तोंड, फक्त सुकलेलं. शेजारच्या घरात कांदा परतल्याचा वास आला की मी दार लावून रडायचे आणि त्याच वासाने मला मळमळायचंही. हौसेने केलं असतं तर स्वतःला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण केलं होतं धाकट्यासाठी, म्हणून राग त्याच्यावर निघायचा. बसलाय खुर्चीत आयता, असं वाटायचं. ज्याच्यासाठी पोट कापलं त्यालाच मी पाण्यात पाहायला लागले होते.

तर त्या अकराव्या दिवशी धाकटा म्हणाला, "ताई, ते ओतून देणार तू?"

"ओतून कशाला देईन? पिणार आहे."

"साडेअकरा वाजले. दोनशेसुद्धा गेलं नाही. त्यातलं निम्मं आता बेसिनमध्ये गेलं."

"तू मास्तर आहेस का माझा?"

"नाही," तो म्हणाला. "मला तहान लागलीय."

इतक्या साधेपणाने म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते. सकाळपासून बर्फाचा एक खडा चघळून संपला होता. लहानपणी हाच खेळून आला की नळाला तोंड लावायचा, शर्ट भिजेपर्यंत प्यायचा आणि आईचा धपाटा खायचा. मी निळ्या बाटलीचं झाकण काढलं, त्यात पाणी ओतलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. झाकणभर. दहा मिलिलिटर असेल नसेल.

त्याने ते तोंडात धरलं, डोळे मिटले, आणि गिळलं. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. किती सहज गेलं खाली! मला हेवा वाटला आणि बरंही वाटलं. त्या बाटलीतलं काहीतरी एकदाचं कुणाच्या तरी पोटात गेलं होतं.

इथे माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर माझा मूर्खपणा कळायचा नाही. मी वजनकाट्यावर असते. खडीचा भरलेला ट्रक तोलायचा, माल ओतून तो रिकामा आला की पुन्हा तोलायचा, वजाबाकी म्हणजे माल. बावीस वर्षं हेच. ट्रकवाले मला काटाबाई म्हणतात, ते तोंडावर. पाठीमागे जे म्हणतात त्यात माझ्या आकाराचा उल्लेख असतो. या धंद्यातली सगळ्यात जुनी चोरी पाण्याची. केबिनच्या मागे पाण्याची टाकी असते. भरलेला ट्रक तोलताना ती काठोकाठ भरून आणायची, आणि रिकामा ट्रक आणताना वाटेत नळ सोडून द्यायचा. पाणी खडी म्हणून खपतं. मी काट्यावर ट्रक चढला की आधी टाकीवर काठी मारते; आवाजावरून कळतं. बावीस वर्षांत माझ्या काट्यावरून पाणी विकून कुणी गेला नाही.

पण आमचा काटा वीस किलोच्या टप्प्याने सरकतो. त्याच्या खालचं त्याला दिसत नाही. चार-पाच किलो इकडेतिकडे म्हणजे आमच्याकडे शून्य. झाकणभर पाणी, मापभर पाणी, ग्लासभर पाणी, याला मी वजन मानतच नव्हते. दुसऱ्या कुणी बाईने, साध्या किराणा दुकानात बसणारीनेसुद्धा, ही चूक केली नसती.

झाकणाचं दोन दिवसांत माप झालं. चौथ्या दिवशी मी कपाटातून छोटा ग्लास काढला. त्याने मागितलं नाही, मी विचारलं नाही. दुपारचे दोन वाजले, बाटली अर्ध्याच्या वर दिसली की मी ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवायचे. तो हळूहळू प्यायचा, मी खिडकीबाहेर बघायचे.

"आपल्या दोघांचा प्रश्न सुटला बघ," तो एकदा हसून म्हणाला. कित्येक महिन्यांत तो हसला नव्हता.

सहाला भावजय यायची. चपला काढायच्या आधी बाटल्या बघायची. निळी रिकामी! "शाब्बास ताई!" म्हणायची आणि वहीत माझ्या रकान्यात दीड हजार लिहायची. एकदा तिने टाळी वाजवली. दिवसभर इस्त्री धरून तिच्या हातांना घट्टे पडलेले, त्या हातांची टाळी. मी "हं" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. कुंपणानेच शेत खाल्लं तर कुणाला सांगायचं?

बुधवारी ती लाँड्रीत रजा टाकून त्याच्याबरोबर डायलिसिसला गेली. जेवताना बोलली. "सिस्टर म्हणाल्या, वजन फार वाढून येतंय. दोन किलो यायला पाहिजे तिथे साडेतीन आलं. एकदम ओढलं तर पायाला गोळे आले यांच्या. ओरडले हो ताई, सगळ्यांसमोर. सिस्टर म्हणाल्या, कुठेतरी पाणी मुरतंय."

धाकट्याने मान खाली घातली. मी चमच्याने सूप ढवळत राहिले.

"माझंच चुकतंय," ती म्हणाली. "मीठ जास्त पडत असणार माझ्या हातून. मिठाने पाणी धरतं म्हणे अंगात."

त्या दिवसापासून तिने घरातलं मीठच बंद केलं. स्वतःच्या ताटातलंही. दिवसभर राबून आलेली बाई अळणी भाजी गिळत बसायची आणि धाकट्याला म्हणायची, "बघा, मीपण खाते ना." मी ते समोर बसून बघितलं. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण उघडलं असतं तर माझं पाणीही उघड झालं असतं, डॉक्टरांना कळलं असतं, माझं नाव कटलं असतं. धाकट्याला वाचवण्यासाठीच गप्प बसलेय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते दीड लिटर झेपत नव्हतं आणि ते संपवणारा कुणीतरी मिळाला होता.

गुरुवारी मी त्याला म्हटलं, "आजपासून बंद."

"बरं," तो म्हणाला.

मी जिद्दीने सलग चार मापं प्यायले. पाचवं नाकातून बाहेर आलं. पोटाच्या टाक्यांपर्यंत कळ गेली. जमिनीवर बसून मी ढसाढसा रडले. "मला नाही जमत रे धाकट्या. नाही जमत. कशाला केलं मी हे?" तो खुर्चीतून उतरून माझ्याजवळ येऊन बसला, माझ्या पाठीवरून हात फिरवू लागला. त्याचा हात थंड होता. मग त्याने बाटली उचलली आणि सरळ तोंडाला लावली. मी अडवलं नाही.

शुक्रवारी मशीनने पुन्हा त्याला पिळून काढलं. त्यानंतर शनिवार आणि रविवार दोन दिवस मशीन नाही. आठवड्यातला हा सगळ्यात लांब पल्ला, सगळ्यात वाईट. शनिवारी संध्याकाळी त्याच्या पायांवर मोज्याच्या खुणा खोल दिसल्या. नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. त्या रात्री तो उशांना टेकून बसूनच झोपला. रविवारी सकाळी भावजयीने विचारलं तर म्हणाला, सर्दी झालीय. तिची आई आजारी होती, तिला बघायला ती अकराला गेली. जाताना दोन्ही बाटल्या भरून ठेवून गेली.

तीनच्या सुमाराला धाकटा टेबलावर हात पसरून, त्यावर डोकं टेकून बसला होता. मला वाटलं डोळा लागला. मग आवाज आला. श्वास घेतला की घशात बुडबुडे फुटत होते.

"धाकट्या?"

"छातीवर... कुणीतरी बसलंय, ताई."

त्याचे ओठ निळे पडले होते, माझ्या बाटलीवरच्या पट्टीसारखे. माझ्या तोंडचं पाणी पळालं, होतं तेवढं. फोन आतल्या खोलीत होता. मी झटक्यात उठले आणि खाली कोसळले. दिवसभरात माझ्या पोटात दीडशेच गेलं होतं. रांगत गेले. उंबऱ्यावर एकदा, पलंगापाशी एकदा, असं दोनदा अंधारून आलं. अँब्युलन्सचा नंबर लावला, पत्ता सांगितला, भावजयीला फोन केला. परत रांगत येऊन त्याच्या खुर्चीचा पाय धरून बसले. थेंबे थेंबे तळे साचे, असं शाळेत आमच्याकडून दहा-दहा वेळा लिहून घ्यायचे. ते तळं मी माझ्या भावाच्या छातीत साचवलं होतं.

अँब्युलन्सवाल्यांनी त्याला खुर्चीसकट दोन मजले उतरवलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "त्यांचे कागद असतील ते घ्या." मी फाइल घेतली आणि फ्रिजवरची वही ओढली. दोरी तुटली.

तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीण होती. धाकट्याच्या तोंडावर ऑक्सिजन चढवून तिने विचारलं, "शुक्रवारपासून पाणी किती झालं?" भावजय तोवर धावत पोचली होती. तिने माझ्या हातातून वही घेतली आणि पान उघडून पुढे धरली.

"रोज सातशे. एक थेंब वर नाही. मी स्वतः लिहिते, डॉक्टर. मीठसुद्धा बंद केलंय मी."

डॉक्टरणीने वहीकडे बघितलं, मग धाकट्याच्या पायांकडे. "सातशेत हे होत नाही. मशीनने किती काढायचं ते मला ठरवायचंय. कमी काढलं तर श्वास मोकळा होणार नाही, जास्त काढलं तर प्रेशर पडेल. नीट आठवा."

बावीस वर्षांत कितीतरी ड्रायव्हर माझ्यापुढे उभे राहून खोटी पावती खरी म्हणून रेटायचे. त्यांची तोंडं कशी होतात ते मला पाठ आहे.

"वही खोटी आहे," मी म्हटलं.

भावजयीने वळून बघितलं.

"शनिवारी सातशे आणि वर बाराशे. आज तीनपर्यंत चारशे आणि वर नऊशे. शुक्रवारी मशीनवरून आल्यावर सहाशे, ते वेगळे."

"तुम्हाला कसं माहीत?" डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली.

"माझ्या बाटलीतलं जे मला गेलं नाही, ते त्याला गेलं. मी दिलं. मनात मोजत होते. सवय आहे मला."

"मग तुम्ही किती प्यायलात?"

"काल तीनशे. आज दीडशे."

तिने पेन थांबवलं. माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

भावजय अजून वही धरून होती. "म्हणजे ताई, मी मीठ..." एवढंच बोलली. तिने मला मारलं असतं तर मी खाली मान घालून खाल्लं असतं. तिने वही मिटली आणि पर्समध्ये ठेवली.

धाकट्याला वर मशीनवर नेलं. माझं रक्त घेतलं, सलाइन लावलं. तासाभराने डॉक्टरीण कागद घेऊन आली. माझी किडनी बिघडलेली दिसत होती. किडनी गाळते त्या कचऱ्याचा रक्तातला आकडा दुपटीच्या वर गेला होता.

"पाण्यावाचून झालंय. कदाचित खाली येईल, कदाचित थोडं राहील. आत्ता कुणी सांगू शकणार नाही. आठ दिवसांनी पुन्हा तपासू."

"आणि त्याला द्यायचं?"

"तुमचं नाव सध्या बाजूला ठेवावं लागेल." मग तिने आवाज उतरवला. "आठ दिवस तोंडानेही पाणी गेलं पाहिजे. सलाइन काही जन्मभर लावणार नाही."

दोन मजल्यांवर दोन पेशंट, भावजय एकटी. शेवटी सिस्टरनी माझी खाट डायलिसिसच्या खोलीत, धाकट्याच्या शेजारी लावली. मला नळीतून पाणी आत जात होतं, त्याच्यातून नळीने बाहेर येत होतं. मध्ये स्टुलावर भावजय. तिने पर्समधून एक कोरं प्लॅस्टिकचं माप काढलं, खालच्या औषधाच्या दुकानातून आणलेलं. बाटलीतून भरलं आणि माझ्या ओठांशी धरलं.

"मी समोर बसणार आहे," ती म्हणाली. "गिळलेलं बघणार, मगच लिहिणार. तुमच्यावर माझा आता विश्वास नाही, ताई."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"आणि हे मेले तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

"तेही बरोबर आहे."

पाण्याचा आवाज ऐकून धाकट्याने डोळे उघडले. मास्कच्या आतून त्याची नजर थेट मापावर आली. अजूनही. एवढं सगळं होऊन, छातीतलं पाणी मशीन ओढून काढत असताना, त्याला तहानच लागली होती. मी माप खाली घेतलं. त्याच्यासमोर मला ते पिववेना.

"ताई," तो म्हणाला. मास्कमुळे आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. "पी. मी तिकडे तोंड करतो."

नळ्या सांभाळत त्याने मोठ्या कष्टाने मान भिंतीकडे वळवली. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

"फक्त आवाज करू नकोस पिताना," तो म्हणाला.

मी पाणी तोंडात घेतलं. छातीच्या मधोमध ते नेहमीसारखं अडकलं, डोळ्यांतून पाणी आलं. घशातून हूं की चूं निघू नये म्हणून मी खाटेची कड आवळून धरली आणि वाट बघितली. गेलं खाली. भावजयीने माझं तोंड उघडून आत बघितलं, वहीत तीस लिहिले आणि माप पुन्हा भरलं.